तैलचित्राला फेविकॉल लावण्याआधी…

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण रविवारच्या बैठकीआधी वाचाच.

आपल्या वाचनालयाच्या सभागृहातलं संस्थापकांचं तैलचित्र गेल्या महिन्यात रंगकाम चालू असताना फाटलं. घोडा सरकवताना त्याचा कोपरा कॅनव्हासमध्ये घुसला. डाव्या खांद्यापासून उपरण्यापर्यंत वीतभर चीर. मजुराला बोल लावण्यात अर्थ नाही. टेंडरमध्ये भिंतींचे चौरस फूट होते, भिंतीवरच्या चित्रांचं काय करायचं याची एक ओळ नव्हती.

आता दोन प्रस्ताव आलेत. एक, मागून फेविकॉलने कापड चिकटवायचं आणि पुढून रंग मारून घ्यायचा. दोन, चित्र निर्लेखित करायचं आणि त्याचा फोटो फ्लेक्सवर छापून लावायचा. दुसऱ्यावर मी बोलतच नाही. (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये हे चित्र मोडक्या खुर्च्या नि पंख्यांच्या पानावर आहे, यातच सगळं आलं.) पहिल्यावर मात्र बोलायला हवं, कारण तो चांगल्या मनाने आलाय.

कॅनव्हास म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं कापड. त्यावर सरस, मग अस्तराचा थर, त्यावर तेलरंग. चीर पडली की ताण सुटतो, धागे मागे सरकतात, कडा वळतात. जितके दिवस जातील तितक्या त्या कडा एकमेकींना भिडेनाशा होतात. त्या तशाच ओढून मागे ठिगळ मारलं की नवं कापड एका तऱ्हेने आकसतं-फुगतं, जुनं दुसऱ्या. आपल्याकडे चार महिने पाऊस! काही वर्षांत ठिगळाचा चौकोन पुढून उठून दिसायला लागतो. फेविकॉल लाकडाला उत्तम, पण कापडात मुरला की जुना रंग न दुखावता काढणं महाकठीण. उद्या जाणकार माणूस आणला तरी त्याचं निम्मं काम आपला गोंद काढण्यातच जाणार.

जाणकार काय करतात? आधी चिरेच्या कडांना अगदी मोजका ओलावा देऊन त्या सपाट करतात. मग मायक्रोस्कोपखाली तुटलेला एकेक धागा त्याच्या जोडीदाराशी जुळवतात. चिकटवायला स्टर्जन माशाचा सरस आणि गव्हाच्या स्टार्चची खळ यांचं मिश्रण वापरतात. विन्फ्रीड हायबर या जर्मन संवर्धकाने ही धाग्याला धागा जोडायची पद्धत रुजवली. आपल्या रफू करणाऱ्याला ती लगेच कळेल. नंतर जिथला रंग उडालाय फक्त तेवढ्याच जागी भरण आणि रंग, तोही पुढे कधी काढता येईल असा. शेजारच्या मूळ रंगावर ब्रश जाता कामा नये.

२०१२ साली डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात एका माणसाने मोनेच्या १८७४ सालच्या चित्रावर ठोसा मारला. कॅनव्हास फाटला, रंगाचे बारीक कण खाली पडले. तिथल्या लोकांनी ते कणसुद्धा गोळा केले आणि २०१४ मध्ये चित्र परत भिंतीवर लागलं. ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’वर १९७५ साली सुरीने वार झाले, तेही चित्र आज पाहायला मिळतं. आपलं चित्र रेम्ब्रांटचं नाही, मान्य. पण फाटलेल्या कापडाला चित्रकार कोण ते कळत नाही, दुरुस्तीची रीत तीच.

आपल्या पेंटरकाकांना मी विचारलं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली, फ्लेक्स आल्यावर काम गेलं. हे काम मिळालं असतं तर त्यांना चार पैसे सुटले असते. ते म्हणाले, “अरे, मी रंग मारीन, पण चेहरा माझ्या हातचा होईल. त्यांचा नाही राहायचा.” समितीतल्या कुणालाही हे एवढ्या स्पष्टपणे सांगता आलं नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर आकडा मला आज सांगता येणार नाही. चित्र बघितल्याशिवाय कुणीच सांगणार नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. फोटो पाठवून विचारायला तर पैसे पडत नाहीत ना?

तोवर एवढं करा. दोघांनी मिळून चित्र उतरवा आणि कोरड्या खोलीत टेबलावर, रंगाची बाजू वर ठेवून, आडवं ठेवा. पुढून-मागून फोटो काढा. मागच्या बाजूला चित्रकाराचं नाव किंवा साल असू शकतं, ते कुणी पाहिलेलंच नाही. जमिनीवर रंगाचे पोपडे पडले असतील तर पाकिटात भरून वर जागा लिहा. अजून झाडू मारला नसेल अशी आशा! सेलोटेप नको, ओलं फडकं नको, वॉर्निश नको, घरगुती उपाय तर मुळीच नकोत.

रविवारी सकाळी दहाला बैठक आहे. सभासदांना बोलता येतं. ठराव दोनच ओळींचा मांडणार आहे: जाणकाराचा लेखी अभिप्राय येईपर्यंत चित्राला कुणी हात लावायचा नाही, आणि सभागृहातल्या उरलेल्या सहा तैलचित्रांची वेगळी नोंदवही करायची. अनुमोदक हवाय. कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.