आज शाळेत काय शिकवले?

आमच्या वस्तीतील विहारात रोज संध्याकाळी लहान मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. कचेरी सुटली की मी तेथे जातो. वर्गाचा नियम एकच. आज शाळेत जे शिकवले, ते प्रत्येक मुलाने उभे राहून सर्वांना सांगायचे. पाठ केलेले नको, आपल्या शब्दांत.

2019 मध्ये दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक आले. बालभारतीने त्यात संख्या वाचण्याची आणखी एक रीत दिली होती. सत्तावीस म्हणजे वीस सात, त्रेसष्ट म्हणजे साठ तीन. जुनी नावेही पुस्तकात होतीच, पण ती पाहतो कोण? विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत थट्टा झाली. आमच्या वर्गातही एका मुलीने उभे राहून "साठ तीन" म्हटले आणि मागे बसलेली मोठी माणसे हसली. हसणाऱ्यांत आमचे दोन कार्यकर्तेही होते! पोर खाली बसली. पुढे चार दिवस विचारले की एकच उत्तर, "काही नाही शिकवलं."

मी बी.कॉम. झालेला कारकून. आकड्यांवरच माझे पोट आहे. त्रेसष्ट बोलताना तीन आधी येतो, लिहिताना मात्र सहा आधी. मग लहान मूल 36 लिहिते आणि मार खाते. एकोणतीस तर त्याहून अवघड, त्यात ना वीस ऐकू येतो ना नऊ. शेजारच्या कानडीत आणि तेलुगूत वीस आधी आणि एक नंतर असेच बोलतात, तिथे कोणी हसत नाही. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (त्या 2023 मध्ये गेल्या) यांनी मुलांची हीच अडचण लोकांना समजावून सांगितली होती.

पाचव्या दिवशी मी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावले आणि काड्या दिल्या. तिने दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे बांधले, तीन काड्या सुट्या ठेवल्या. "हे साठ, हे तीन," म्हणाली.

तिची आई चार घरची धुणीभांडी करते. शाळेची पायरी चढलेली नाही. तोंडी हिशेब पक्का, पावणेदोनशेत कोणी चार आण्यांनी फसवणार नाही, पण लिहिता येत नव्हते. ती उठून पुढे आली.

"म्हणजे गठ्ठे आधी लिहायचे?"

"हो आई."

तिने खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात 63 लिहिले. मग विचारले, "आणि छप्पन्न?"

"पन्नास सहा."

तेही लिहिले. या वेळी मागे कोणी हसले नाही.

पुढच्या महिन्यापासून बाई दुधाचा हिशेब कॅलेंडरवर स्वतः मांडू लागल्या. पहिल्याच बिलात दोन खाडे धरलेले नव्हते. त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून दूधवाल्यापुढे धरले, आणि त्याने मुकाट्याने पैसे वजा केले.