गोळी सरकारची, पण ताटात काय?

"मावशी, मीठ कमी करा. पालेभाजी, डाळ, फळे खा. गोळी चुकवू नका." बीपीच्या रुग्णाला मिळणारा हा सल्ला चुकीचा नाही. फक्त तो ज्या ताटाकडे बघून दिला जातो, ते ताट आमच्या वस्तीतले नाही.

मोरगाव महाराष्ट्राला अष्टविनायकातले म्हणून ठाऊक, आणि बारामती म्हटले की लोकांना नीरा डाव्या कालव्याचा ऊस आठवतो. मोरगाव-सुपे ही त्याच तालुक्याची जिराईत बाजू. इथे पाऊस हुकला की मजुराचा रोजही हुकतो. रोज बुडाला की घरात आधी भाजी बंद होते, मग डाळ. उरते भाकरी आणि ती घशाखाली उतरवणारे ठेचा, लोणचे, सुकट-बोंबील. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या घरात मीठ-मिरची हेच कालवण, तिथे मीठ काढा म्हणजे कालवणच काढा! बीपी हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार, ही समजूत आता आपल्या चळवळीनेही सोडावी.

वस्तीत फिरताना आम्हाला वारंवार ऐकू येते, "जेवणच नव्हतं, मग गोळी कशी घेणार?" खरे तर अम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी उपाशीपोटीही घेता येते (आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारूनच). पण हे सांगायचे तर आधी "काल जेवलात का?" असे विचारावे लागते. 30 वर्षांवरच्यांसाठी आशाताई सी-बॅक फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अगदी चुलीतले जळणही विचारतात. चुलीवर रोज काही शिजते का, हा प्रश्न नाही. दोष आशाताईंचा नाही, फॉर्म त्यांनी बनवलेला नाही.

औषधासोबत अन्न लागते हे सरकारला कळत नाही, असे कुणी म्हणू नये. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेत 2018 पासून दरमहा 500 रुपये सुरू झाले, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. क्षयाच्या रुग्णाला जो न्याय, तो बीपीच्या गरीब रुग्णाला का नाही? त्याची गोळी तर बहुधा जन्मभराची. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयच्या घराला 35 किलो धान्य. पोटाला आधार होतो, नाकारत नाही. पण डाळ नाही. 'आनंदाचा शिधा' आला तेव्हा त्यात चणाडाळ होती, सोबत साखर आणि पामतेल, आणि तेही सणापुरते. संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्ये पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य शेजारी-शेजारी लिहिले आहे. रेशनवर कायमची डाळ ही मागणी आपण भीक म्हणून करत नाही.

मित्रांनो, विहारात बीपी तपासणीचे शिबिर घ्याल तेव्हा वहीत दोन रकाने वाढवा. गेल्या महिन्यात घरातले धान्य संपले होते का? आणि रेशनकार्डावर नाव आहे का? ज्यांचे नाव नाही, त्यांचे अर्ज सोमवारी तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या, पोच घ्या. उरलेली यादी ग्रामसभेत ठेवा.

जय भीम!