मिसिसिपीच्या वळणावर

मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, असे आम्ही लहानपणी भूगोलात घोकले होते. परंतु आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट शहरापाशी ती वळण घेऊन आमच्या नर्मदामाईसारखी पश्चिमेकडे वाहते, हे तिच्या काठी उभे राहिल्यावर कळले. पैलतीरावरील मोलीन गावी ट्रॅक्टर बनविणाऱ्या जॉन डियर कंपनीचे मुख्यालय आहे. तेथे आमचे जावई अभियंता. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता इंदूरहून लेकीकडे गेलो होतो.

डॅव्हनपोर्टला ब्रॅडी स्ट्रीटची चढण चढले की पामर महाविद्यालय लागते. हातांनी मणके व सांधे हलवून उपचार करणारी कायरोप्रॅक्टिक ही विद्या याच गावी जन्मली. तिचे जनक डी. डी. पामर एके काळी शाळामास्तर होते, हे वाचून आम्हांस उगाच आपलेपणा वाटला. १८९५ मध्ये त्यांनी हार्वे लिलार्ड नामक बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्यास ऐकू येऊ लागले, अशी कथा सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी शाळा काढली. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांत असते, हे त्यांचे मत मात्र आजचे वैद्यकशास्त्र मानीत नाही.

लेकीच्या शेजारी या विद्येचा एक विद्यार्थी राहत असे. डोकेदुखीवरील उपचार कसे शिकवितात, हे त्याने एका सायंकाळी सांगितले. मान कशी मोडावी, हाच पहिला धडा असेल अशी आमची समजूत. प्रत्यक्षात आधी प्रश्न विचारावयास शिकवितात. केव्हापासून दुखते? एकाच बाजूस का? ठणकते की आवळते? उजेड सोसतो का? महिन्यातून किती दिवस गोळ्या घेता? कारण वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकानेही डोके दुखू लागते. अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी आणि मानेतून उद्भवणारी डोकेदुखी यांतील भेद ओळखावा लागतो. मानेतील वरच्या नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस यांचे संदेश एकाच ठिकाणी पोचतात. म्हणून दुखणे मानेत असले तरी कळ कपाळात उठते. अशा रुग्णास हाताच्या उपचारांबरोबर मानेचे व्यायाम, वेळेवर झोप आणि डोकेदुखीची रोजनिशी सांगतात.

"पण खरी परीक्षा हात आवरण्याची," तो म्हणाला. एकाएकी विजेसारखी उठलेली कळ, तापासह ताठरलेली मान, पन्नाशीनंतर प्रथमच जडलेली डोकेदुखी, पहाटेचे दुखणे आणि ओकारी, यांपैकी काहीही आढळले तर मानेस हात न लावता रुग्णास रुग्णालयात धाडावयाचे. मानेतील रक्तवाहिनीस चीर गेलेली असताना मान हिसडली, तर पक्षाघाताचे भय असते. मग त्याने ऑफ्थॅल्मोस्कोप दाखविला. मेंदूतील दाब वाढला असेल, तर डोळ्याच्या तळाशी दृष्टीच्या नसेचे मुख सुजलेले त्यातून दिसते.

आम्ही गप्प झालो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आठवीतली एक मुलगी सकाळच्या प्रार्थनेला डोके धरून बसे, कधी ओकेही. अभ्यास चुकविण्याचा बहाणा, असे म्हणून आम्ही तिला वर्गात परत धाडीत असू. दोन महिन्यांनी तिच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, दृष्टी गेली.

त्या पोराच्या हातातील दिव्याकडे पाहताना आम्हांस तिचे डोळे आठवत राहिले.

आता डोके दुखते म्हणून कोणी मूल कार्यालयाच्या दाराशी आले, की आम्ही हातातली फाइल बाजूस ठेवतो, त्यास खुर्चीवर बसवितो आणि विचारतो, "बाळ, केव्हापासून?"