सुगुहाची दोन वर्षे

'सोर्ड आर्ट ऑनलाइन' (२०१२) ही जपानी ॲनिमे मालिका आम्ही पाहिली ती तलवारबाजीसाठी. मनात राहिली ती सुगुहा. आभासी खेळात दहा हजार खेळाडू अडकतात. किरितोची दोन वर्षे तिथे लढण्यात जातात, हिची रुग्णालयात, त्याच्या निश्चल देहाशेजारी. तो सख्खा नव्हे, मावसभाऊ, हे तिला याच काळात कळते. पुढे त्याचे जग समजावे म्हणून तीही पऱ्यांच्या एका खेळात उतरते. तिथे दोघे परस्परांना न ओळखता मित्र होतात. घरात न निघालेले शब्द परक्या चेहऱ्याआडून निघतात. लेखकाने हे सारे घाईने प्रेमभंगाकडे वळवले, याची चुटपुट आम्हांस लागली. (यूई ही तर निव्वळ संगणकीय आज्ञावली, ती किरितो-आसुनाला आईबाबा म्हणते, ते कुणालाच खटकत नाही!) ओळख पटल्यावर मात्र भावंडे द्वंद्वाला उभी राहतात, आणि दोघेही, हरायचेच ठरवून, तलवार टाकून देतात.