नावाची फीत

आमचे नगरचे घर मिशनच्या आवाराला लागून होते. मध्ये शेराचे कुंपण. त्याला एक भगदाड पडलेले होते आणि ते बुजवावे असे दोन्ही बाजूंच्या वडीलमंडळींना कधी वाटले नाही. कारण अण्णा त्यातूनच ये-जा करीत. ते हायस्कुलात संस्कृत शिकवीत आणि सकाळी सात ते आठ बंगल्यातल्या अमेरिकन साहेबांना व मडमबाईंना मराठी शिकवायला जात. भाषेची परीक्षा दिल्याशिवाय मिशनऱ्याला पुरते काम मिळत नसे. परत आले की अण्णा न्हाणीत जाऊन कपडे बदलीत, मगच घरात पाऊल टाकीत. हा आईचा नियम. तिकडे ते चहा घेत की नाही, हे मात्र आईने कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही!

साहेब म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे ऐषआराम यायचा. तो बंगल्यात औषधाला नव्हता. साहेबांच्या शर्टाची कॉलर विरली की मडमबाई ती उसवून उलटी लावीत. आलेली पाकिटे उलटवून पुन्हा वापरीत. पाणी मात्र उकळल्यावाचून कुणी पीत नसे. साहेब जीपमधून खेड्यापाड्यांतल्या शाळा आणि विहिरींची कामे पाहात हिंडत आणि बाई आवारातल्या दवाखान्यात नर्सचे काम करीत. टेबलावर ताटे आली की सगळे डोळे मिटत आणि आळीपाळीने एकेक जण प्रार्थना म्हणे. धाकट्या मुलीची पाळी आली की प्रार्थनेत आमची गायसुद्धा येई. आम्ही भगदाडातून हे पाहात असू आणि हसू दाबत असू. आमच्याकडे चित्राहुती घालताना अण्णांचेही ओठ असेच हलत, हे तेव्हा लक्षात आले नाही.

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली, नगरला त्यांचे ठाणे झाले १८३१ साली. मुंबईस आलेल्या पहिल्या दोघांपैकी गॉर्डन हॉल १८२६ साली फिरतीवर असतानाच पटकीने वारले. त्या काळी पुष्कळ मिशनरी आपली मुले सातआठ वर्षांची झाली की शिकायला अमेरिकेला पाठवीत आणि मग वर्षानुवर्षे त्यांची भेट नसे. त्या मानाने आमच्या बंगल्यातला थोरला मुलगा सुदैवी. आम्ही त्याला बाळासाहेब म्हणत असू. त्याला जायचे होते ते कोडाईकनालला. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी तिथे १९०१ सालापासून शाळा आहे. जानेवारीत मुलांचा जथा आगगाडीने मद्रासकडे निघे, सोबत एकदोन मोठी माणसे. उन्हाळ्यात आईबाप डोंगरावर जाऊन मुलांजवळ राहात. मग पुन्हा ऑक्टोबर उजाडेपर्यंत भेट नाही.

बाळासाहेब पहिल्यांदा गेला तेव्हा सात वर्षांचा होता. त्यानंतरच्या सोमवारी शिकवणीत मडमबाई अण्णांना म्हणाल्या, "पंडितजी, मी मुलाला देवावर टाकून दिले."

अण्णांनी लगेच दुरुस्ती केली. "तसं नाही, बाई. देवावर हवाला टाकला म्हणा, देवाच्या हाती सोपवलं म्हणा. टाकून दिलं म्हणजे नको म्हणून फेकलं."

बाईंनी वहीत तिन्ही प्रयोग लिहून घेतले. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "दिवसा सोपवलं, हे बरोबर. रात्री मला दुसराच शब्द खरा वाटतो."

अण्णांनी हे रात्री जेवताना सांगितले. आई ताक वाढत होती, ती तशीच थांबली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? व्याकरणात त्याला उत्तर नाही."

पुढच्या जानेवारीत बंगल्याच्या व्हरांड्यात ट्रंक उघडली गेली, तेव्हा आई आपण होऊन भगदाडातून पलीकडे गेली. शाळेच्या धोब्याकडे कपडे हरवू नयेत म्हणून प्रत्येक कपड्यावर, अगदी मोज्यांवरसुद्धा, नावाची फीत शिवावी लागे. पांढऱ्या अरुंद फितीवर लाल धाग्याने विणलेले इंग्रजी नाव. आईला एक अक्षर वाचता येत नव्हते. पहिल्या दोन फिती तिने उलट्या लावल्या. बाईंनी त्या हसत उसवल्या. आईला इंग्रजी नाही, बाईंचे मराठी अण्णांच्या वळणाचे, जड. तरी दोघी दुपारभर बोलत होत्या.

१९६१ सालची १२ जुलै ही अवस होती. आईने समया, निरांजने चिंचेने घासून पाटावर मांडली होती. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, पुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. साहेब आदल्या दिवशी इंजिनाचे सुटे भाग आणायला पुण्यालाच गेले होते.

बातमी संध्याकाळी आली. फोन लागेना, तार जाईना. मडमबाईंनी दवाखाना नेहमीच्या वेळी बंद केला, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उघडला. टेबलावर धाकटीने पपांचे मोजे कोरडे राहू देत अशी प्रार्थना केली म्हणे.

दुसऱ्या रात्री आई बंगल्यावर गेली, मला बरोबर घेऊन. बाई अंधारात व्हरांड्यात बसल्या होत्या, मांडीवर बायबल, मिटलेले. आई बाजूला टेकली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "देवाकडे काय मागितलंत?"

"काही मागता आलं नाही. नुसती बसले आहे."

"मी मागितलंय," आई म्हणाली. "अवसेचा एक दिवा विझू दिलेला नाही अजून. आमच्या देवाकडे मागितलं, चालेल ना?"

मला वाटले, आता बाई काहीतरी धर्माचे बोलतील. त्यांचे ते कामच होते. पण त्यांनी आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. घरी आल्यावर आईने नेहमीसारखी आंघोळ केली नाही. अण्णांनी ते पाहिले आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरले.

शुक्रवारी संध्याकाळी साहेब आले. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, आवाज बसलेला. दोन दिवस ते पेठांतून माणसे हलवायच्या कामात होते. इंजिनाचे भाग आणले नव्हते. आठवड्याने कोडाईहून बाळासाहेबाचे पत्र आले. शाळेत बातमी कळली होती. एकच ओळ मोठ्या अक्षरांत होती आणि बाईंनी ती आईला मराठीत सांगितली: तुम्ही सगळे आहात का?

१९६४ साली ते रजेवर अमेरिकेला गेले. तिकडे साहेबांचे वडील अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे परत येणे झाले नाही. निघताना बाईंनी आईला शिवणाचे यंत्र दिले. त्याच्या खणात नावाच्या फितीचे हातभर भेंडोळे राहिले होते. आई काही वाया घालवणारी नव्हे. तिने त्या फितीने पंचांग बांधून खुंटीला टांगले. पुढे कित्येक वर्षे आमच्याकडे एकादशी केव्हा, संकष्टी केव्हा हे पाहायचे झाले, की आधी बाळासाहेबाच्या नावाची गाठ सोडावी लागे.