लोणीच्या कब्रस्तानातले बुडखे

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर मागे पडतं, कवडीपाट येतं आणि मग लोणी काळभोर. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या डेपोकडे जाणाऱ्या टँकरची रांग दिसली की गाव आलं असं समजावं. हमरस्ता सोडून गावात शिरलो की तो गोंगाट थोडा मागे राहतो. मुठा कालव्याच्या पाण्यावर इथे अजून ऊस उभा आहे. तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की इथे मुक्काम करते आणि पुढे यवतला जाते. त्या सुमारास जमीन भिजलेली असली की झाडं लावायला घ्यायची, हे आमचं साधं पंचांग.

यंदा जुम्म्याच्या नमाजनंतर ठरलं, की कब्रस्तानात पंचवीस झाडं लावायची. मय्यतीला आलेले लोक उन्हात उभे राहतात, म्हाताऱ्यांना चक्कर येते. कडुनिंब, करंज, बकुळीची रोपं आली, चार तरुण कुदळी घेऊन आले. आणि पहिलाच घाव लाकडावर बसला.

भिंतीलगत सुबाभळीचे दहा-बारा बुडखे होते, गवताखाली लपलेले. सुबाभूळ नुसती कापून मरत नाही. बुडख्यातून झुडपासारखी फुटते आणि शेंगांचं बी सांडून आणखी पोरं वाढवते. तिच्या शेजारी लावलेल्या रोपाला ना पाणी पुरतं ना ऊन. बुडखा मेलेला असला तरी निश्चिंत होता येत नाही. त्यात वाळवी घर करते, सडक्या मुळांवरची बुरशी नव्या मुळांना लागू शकते, आणि लाकूड कुजताना मातीतलं नत्र खाऊन टाकतं. मग रोप पिवळं पडतं आणि आपण नर्सरीवाल्याला नावं ठेवतो.

एक जण म्हणाला, "पेटवून देऊ." बुडखा पेटवला तर आग मुळांतून जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत राहते, आणि इथे तर इंधनाचा डेपो गावाला लागून! दुसऱ्याने खडं मीठ सुचवलं. मिठाने बुडखा मरेलही, पण मातीही नासेल, आणि त्याच मातीत तर झाड लावायचंय. शेवटी जेसीबी आणला. तो पोचत नव्हता तिथे हाताने काम केलं. दोन-अडीच फुटांवरून गोल चर खणला, बाजूची मुळं कुऱ्हाडीने तोडली, मग पहार घातली. खालचं सोटमूळ तुटेपर्यंत बुडखा हलत नाही. घाम काढतो अगदी. खड्ड्यांत शेणखत-माती भरली आणि एक चांगला पाऊस पडून ती बसेपर्यंत रोपं बाजूला ठेवली.

राहिला मधला कडुनिंब. गेल्या उन्हाळ्यात विजेच्या तारांना लागतो म्हणून कापलेला. बुडखा दोघांच्या कवेत मावेल एवढा. चारी बाजूंनी कबरी, आणि चार फुटांवर माझ्या अब्बांची. जेसीबीवाला मुलगा म्हणाला, "चाचा, हा पाच मिनिटांत उपटतो." मी मान हलवणारच होतो. आदल्या वर्षी त्या झाडाच्या सावलीत उभं राहून फातिहा पढलो होतो. तिथे पुन्हा झाड हवं, एवढंच डोक्यात होतं.

आमच्यातले एक वयस्कर चाचा पुढे आले. ऊस करणारे माणूस. म्हणाले, "मुळं कुठवर गेलीत, तुला दिसतंय का? वर ओढलीस तर बरोबर काय येईल?"

मुलाने इंजिन बंद केलं. मय्यतीचं हाड मोडणं हे जिवंत माणसाचं हाड मोडण्यासारखंच आहे, अशी प्रेषितांची (स.) ताकीद अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आहे. झाड लावणं हा सदका खरा; त्याचं पाखरांनी, जनावरांनी खाल्लं तरी लावणाऱ्याला सवाब मिळतो. पण त्या सदक्यासाठी कोणाची कबर हलवायची?

चाचांनी बुडख्याभोवतीचं गवत दूर केलं. बुंध्यातून सात-आठ फुटवे आले होते. "खोडवा ठेवू," ते म्हणाले. आम्ही हसलो, पण ते थट्टा करत नव्हते. लागणीचा ऊस तुटला की बुडखे जमिनीलगत छाटतात, म्हणजे फुटवे मातीतून येतात आणि घट्ट धरतात. कडुनिंबाचंही तसंच. वरच्या कापाजवळून आलेला फुटवा जोमदार दिसतो, पण खालचं लाकूड कुजलं की वाऱ्याने मोडून पडतो. म्हणून त्यांनी मातीलगतचा, मनगटाहून बारीक असा एक फुटवा ठेवला आणि बाकीचे कोयत्याने काढले. बुडखा उतरता कापला, पाणी साचू नये म्हणून. पुढची दोन-तीन वर्षं नवे फुटवे येत राहतील, ते खुडत राहावं लागेल. ते काम माझ्याकडे आलं.

शेळ्यांना कडुनिंबाचा कोवळा पाला फार आवडतो. म्हणून भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. त्या जागेसाठी आणलेलं करंजाचं रोप उरलं होतं. ते फाटकाजवळ लावलं, जनाजा टेकवतात त्या ओट्याच्या कडेला.