कोष्टकाबाहेरचा गडी

दुसऱ्याची पारख करणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. पेटीतला एक आंबा उचलून देठाशी हुंगणारा गृहस्थ, वधूपरीक्षेला जाऊन पोह्यांच्या चवीवरून मुलीचा स्वभाव ठरवणारी आत्या, गवयाचा तंबोरा जुळायच्या आतच ‘आज काही रंगायचं नाही’ असे शेजाऱ्याच्या कानात सांगणारा रसिक, ही सगळी एकाच जातीची माणसे. पारख करायला पैसा लागत नाही, अंगाला तोशीस पडत नाही, आणि आपण जगापेक्षा दोन बोटे उंच आहोत असे घटकाभर वाटून जाते.

मी तर या हौसेवर पोट भरले. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत तीस वर्षे मी आयुर्मानाची कोष्टके मांडली. अमुक वयाचा, तमुक धंद्याचा, सिगारेट ओढणारा माणूस आणखी किती वर्षे जगेल, हे आकड्यांत सांगणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे २००४ सालच्या ऑगस्टमध्ये कचेरीतली मंडळी माझ्या टेबलाशी येऊन ‘आमच्या खेळात दहावा भिडू कमी पडतो आहे, येतोस का?’ असे विचारू लागली, तेव्हा त्यांची निवड अगदीच अनाठायी नव्हती. त्या खेळाचे नाव फँटसी फुटबॉल. काल्पनिक संघांचा, पण खऱ्या माणसांच्या हाडांवर चालणारा खेळ.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा संबंध फार थोडा. लांबट चेंडू हातात धरून पळायचे, नाही तर फेकायचे, आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला जमिनीवर लोळवायचे. आपल्या हुतूतूतली चढाई ज्याने पाहिली आहे त्याला यातले मर्म चटकन कळेल. १९६२ साली ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते. तिथल्या हॉटेलात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना एक कल्पना सुचली. खरे संघ मोडून प्रत्येकाने आपल्या पसंतीचे गडी निवडावेत आणि ते गडी मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात मांडावेत. पुढच्या वर्षी आठ जणांनी ओकलंडला बसून पहिली निवड केली. आज हा खेळ अमेरिकेत कोट्यवधी लोक खेळतात. ऑगस्टच्या अखेरीस कचेऱ्यांतली कामे मंदावतात, त्याचे एक कारण हेच.

गुणांची रीत सोपी आहे. चेंडू घेऊन १० यार्ड धावले की १ गुण, टचडाउनला ६ गुण, आमच्यासारख्या मंडळांत चेंडू झेलला की आणखी १ गुण, आणि हातचा चेंडू शत्रूच्या हाती गेला तर २ गुण वजा. या हिशेबात सर्वांत चुरस असते ती रनिंग बॅकची. रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी धरून गर्दीत शिरणारा गडी. खऱ्या लीगमध्ये संघ ३२. प्रत्येक संघात मनापासून भरवसा ठेवावा असा धावणारा गडी एखादाच, आणि काही संघांत तोही नाही. दुर्मिळ वस्तूचा भाव चढतो, हे अर्थशास्त्र मंडईतल्या भाजीवालीलाही ठाऊक आहे.

या गड्यांची पारख करताना मला जे धडे मिळाले ते कुठल्याही शाळेत मिळाले नसते. पहिला धडा असा, की गडी किती चांगला आहे हे आधी विचारू नये. त्याच्या हाती चेंडू किती वेळा येतो ते विचारावे. एरियन फॉस्टर नावाच्या तरुणाला २००९ च्या वार्षिक निवडीत ३२ पैकी एकाही संघाने घेतले नव्हते. ह्यूस्टनच्या संघाने त्याला मागून आत घेतले, आणि २०१० च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या हाती ३३ वेळा चेंडू दिला. पठ्ठ्याने २३१ यार्ड मारले, आणि मोसमाअखेर १६१६ यार्डांसह तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. त्याची गुणवत्ता आदल्या वर्षीही त्याच्यापाशीच होती. नव्हता तो चेंडू. आपल्या ओळखीतली किती माणसे जन्मभर चेंडूची वाट पाहत उभी राहिली, याचा विचार मनात आला म्हणजे तो आकडा निव्वळ खेळातला राहत नाही.

दुसरा धडा पुढच्या पाच जणांचा. धावणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी असतात, एकेक १४० किलोंच्या आसपास. ते भिंत फोडतात म्हणून याला वाट मिळते. ही भिंत कच्ची असेल तर धावणारा कितीही चपळ असो, तो जागच्या जागी गाडला जातो. गंमत अशी की या पाच जणांना आमच्या खेळात एकही गुण नाही. त्यांच्या नावाचा रकानाच नाही. पारख करणाराने त्यांचा अभ्यास करावा आणि गुण मात्र दुसऱ्याच्या नावे लिहावेत, असा रिवाज आहे.

तिसरा धडा वयाचा, आणि तो माझ्या धंद्याच्या अगदी जवळचा. रनिंग बॅक सत्ताविशी-अठ्ठाविशी ओलांडू लागला की जाणता भिडू त्याचे नाव खाली सरकवतो. इतर माणसे ज्या वयात संसार मांडतात त्या वयात हा गडी म्हातारा ठरतो. लॅरी जॉन्सनने २००६ साली ४१६ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली. एका मोसमातला तो उच्चांक अजून कुणी मोडलेला नाही. पुढच्या वर्षी पाय मोडून तो आठ सामन्यांनंतर घरी बसला. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ साली धावून आणि झेलून दोन्हीकडे हजारावर यार्ड काढले. २०२० साली तो फक्त तीन सामने खेळू शकला. तेव्हा गतवर्षी ज्याने फार कष्ट केले त्याला यंदा टाळावे, असा नियम आम्ही जाणते भिडू एकमेकांना सांगत असतो. नियम उपयोगी आहे. फक्त मोठ्याने म्हणून पाहिला तर कानाला बरा वाटत नाही.

आणि मग फ्रँक गोर. कॉलेजात असतानाच याच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २००५ साली त्याला सान फ्रान्सिस्कोच्या संघाने तिसऱ्या फेरीत घेतले. असे गुडघे घेऊन माझ्या कंपनीत कुणी विमा उतरवायला आला असता तर आमच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला असता. हा माणूस १६ मोसम खेळला आणि बरोबर १६,००० यार्ड धावून इतिहासात तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. यात कोष्टकाची काही चूक नाही. कोष्टक हजार माणसांविषयी बोलते. एका माणसाविषयी ते गप्प असते. विमा कंपनीला हजार माणसे पुरतात. पण फँटसी खेळणाराला हवा असतो एकच, आणि तो कोष्टकाला त्या एकाविषयीच खोदून खोदून विचारीत असतो.

आमच्या घरी या खेळाकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. एका रविवारी दुपारी मी फोनवर एका भिडूला सांगत होतो, ‘गेला रे, गुडघा गेला! आता मोसमभर उठत नाही.’ सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत लगबगीने बाहेर आली.

‘अहो, कुणाचा गुडघा?’

‘माझ्या दुसऱ्या रनिंग बॅकचा.’

तिने सुटकेचा श्वास टाकला. पण आत जाता जाता थबकून म्हणाली, ‘त्याची आई बघत असेल का हो टीव्ही?’

मी बदली गडी शोधत होतो. यादी समोर उघडी होती. तो प्रश्न मात्र दिवसभर घरात वावरत राहिला.

खुद्द खेळाडूंना आमची हौस ठाऊक नसते असे नाही. वर सांगितलेला फॉस्टर २०११ च्या मोसमाआधी दुखावला, तेव्हा आपल्या फँटसी संघाच्या काळजीने विचारपूस करणाऱ्यांना त्याने जाहीरपणे झाडले होते. आणि आणखी एक विसंगती पाहा. आमच्या कागदावर रनिंग बॅकला सोन्याचा भाव. पण खऱ्या बाजारात त्याचा भाव पडलेला. संघाने गड्याला एका वर्षासाठी अडकवून ठेवायचा एक ठरीव दर असतो. २०२३ साली हा दर क्वार्टरबॅकसाठी ३ कोटी २४ लाख डॉलर होता आणि रनिंग बॅकसाठी १ कोटी १ लाख. त्या उन्हाळ्यात नावाजलेले रनिंग बॅक दूरध्वनीपडद्यावर एकत्र जमून आपले गाऱ्हाणे मांडीत होते. कुणी म्हणेल, कोटीचे धनी, त्यांचे कसले गाऱ्हाणे? पण ज्याची उमेद अठ्ठाविशीत संपल्याचे सगळे जग धरून चालते, त्याने तो हिशेब कुणापुढे मांडावा? आमच्या अंगणातल्या जायंट्सने सॅक्वॉन बार्कलीला २०२४ साली जाऊ दिले. फिलाडेल्फियाला जाऊन त्याच मोसमात तो २००५ यार्ड धावला. आमच्या मंडळातल्या जायंट्सच्या भक्तांनी त्या हिवाळ्यात फार हाल सोसले.

एका वर्षी कुणीतरी सुचवले, की पाळीपाळीने गडी निवडण्याऐवजी लिलाव करावा. प्रत्येकाला २०० काल्पनिक डॉलर द्यायचे, नाव पुकारायचे आणि बोली लावायची. पुष्कळ मंडळी असेच खेळतात, आणि आपल्याकडे २००८ पासून आयपीएलचा लिलाव घरोघर चवीने पाहिला जातो. आमच्यात दावे खात्यातले एक वडीलधारे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, की तुम्ही खुशाल करा, मी बसणार नाही. माझ्या पणजीचा बाप असाच पुकारून विकला गेला होता. या देशात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली, आणि आमच्या यादीतले बहुतेक धावणारे गडी त्यांच्याच वंशाचे. खोलीत कुणी काही बोलले नाही. आमच्या मंडळात आजही पाळीपाळीनेच निवड होते. फरक शब्दाचाच, असे कुणी म्हणावे. पण काही शब्दांना वजन असते आणि ते ज्याच्या पाठीवर पडले आहे त्यालाच कळते.

२०२२ च्या मोसमाचा अंतिम सामना मी आणि हेच गृहस्थ यांच्यात लागला. सोमवार, २ जानेवारी २०२३. सिनसिनाटीला बेंगल्स आणि बफेलो बिल्स यांचा खेळ चालू होता. माझा एकच गडी बाकी होता, बेंगल्सचा रनिंग बॅक जो मिक्सन, आणि मला हवे होते ९ गुण. आमच्या दहा जणांचा फोनवर अखंड निरोपांचा पाऊस चालला होता. पहिल्याच पावकात बफेलोच्या डमार हॅमलिनने चेंडू घेऊन येणाऱ्या गड्याला अडवून पाडले, तो उठून उभा राहिला, आणि एकाएकी मागच्या मागे कोसळला. चोवीस वर्षांचा मुलगा. मैदानावरच त्याच्या छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याचा प्रयत्न सुरू झाला. दोन्ही संघांचे दांडगे गडी गुडघे टेकून रडत होते. सौ. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

आमचे निरोप थांबले. बऱ्याच वेळाने एकाने विचारले, हा कुणाच्या संघात होता? मी यादी पाहिली. कुणाच्याच नाही. आमच्या खेळात अडवणाऱ्या गड्याला स्वतःच्या नावाचा रकाना नसतो. सबंध संघाचा बचाव एकगठ्ठा मोजतात. दहा जणांनी सहा महिने शेकडो नावे चाळली, त्यांत ते नाव कधी आलेच नव्हते. थोड्या वेळाने माझ्या प्रतिस्पर्ध्याचा निरोप आला: ‘गुण मिटव. आज काही मोजायचे नाही.’

तो मुलगा वाचला. छातीवरचा घाव हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या एका क्षणी बसल्याने हृदय थांबले, असे पुढे डॉक्टरांचे निदान झाले. २०२३ सालीच तो पुन्हा मैदानावर उतरला. त्याने २०२० मध्ये लहान मुलांना खेळणी देण्यासाठी २५०० डॉलरचा संकल्प करून एक निधी उघडला होता. त्या रात्रीनंतर थोड्याच दिवसांत अनोळखी माणसांनी त्यात ८० लाखांवर डॉलर टाकले. त्यांत आमच्या बक्षिसाची किरकोळ रक्कमही होती. तो सामना पुन्हा खेळवला गेला नाही. आमच्या पितळी पाटीवर दर वर्षीच्या विजेत्याचे नाव कोरतात. २०२२ पुढची जागा कोरी आहे.

खेळ मात्र आम्ही सोडलेला नाही. ऑगस्ट आला की मी वही काढतो, वये लिहितो, कोण किती वेळा धावला ते मांडतो. पारखीची हौस अशी सुटत नसते, आणि सुटावी असेही मला वाटत नाही. एखाद्या माणसाकडे सहा महिने टक लावून पाहायला दुसरे निमित्त तरी कुठे मिळते? फक्त अलीकडे निवडीच्या संध्याकाळी सौ. चहा घेऊन येते ती शेजारीच बसते. परवा माझ्या यादीतल्या पहिल्या नावावर तिने बोट ठेवले.

‘हा केवढा आहे हो?’

‘तेवीस.’

‘अगं बाई,’ ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्या नातवाहून दोनच वर्षांनी मोठा.’